नीलवेणीचा ठिपका

२ मार्च
आज रुजू झाले. भिवंडीजवळ, वळ गावच्या गोदामात बसून समुद्र सांभाळायची नोकरी! खाली टाइल्सची खोकी आणि ट्रकवाल्यांचा आरडाओरडा; जिना चढून वर गेलं की एसी, सहा पडदे आणि आमची चाळीस जहाजं, हिरवे ठिपके होऊन. हल्ली कुणीतरी खोटे सिग्नल सोडतं आणि आपण कुठे आहोत हे जहाजालाच कळेनासं होतं. ठिपका कधी विमानतळावर दिसतो, कधी वाळवंटात. मग आम्ही जहाजाला फोन करून एकच विचारायचं : डोळ्यांना काय दिसतंय? दीपगृह, डोंगर, शेजारचं जहाज, काहीही. माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं असेल तरच 'खात्री'चं बटण दाबायचं. एकदा दाबलं की बचाव पथकंही तीच जागा खरी धरतात; ते मागे घ्यायला माझा आणि आमचे प्रमुख दीपेश सर यांचा असे दोन पासवर्ड लागतात.

माझा धाकटा भाऊ विकी आमच्याच 'नीलवेणी' टँकरवर खलाशी आहे, हे मी सरांना सांगून टाकलं. ते हसले आणि नीलवेणी माझ्याच पडद्यावर दिली. ड्युटी सकाळी सात ते तीन. खोली राहनाळला, राहीबाईंकडे. त्यांच्या सासऱ्यांची खाडीत होडी होती. आता जमिनीवर चार गोदामं आहेत. पहिल्याच दिवशी जवळ्याची चटणी आणि भाकरी दिली. मजा आहे माझी.

६ मार्च
नव्याची नवलाई अजून टिकून आहे. आखातात एक जहाज दिवसभर गोल गोल फिरताना दिसलं. कप्तान म्हणाला, मी तर नाकासमोर चाललोय. आज ड्रोनचा इशारा वेळेवर पोचवला म्हणून सरांनी कौतुक केलं. गावी अकलोलीला आईला फोन करून सगळं सांगितलं. तिला एवढंच हवं होतं की विकी जेवतो का.

११ मार्च
हसून हसून पुरेवाट. नीलवेणीचा ठिपका अकलोलीत! थेट गरम पाण्याच्या कुंडात. जहाजावर फोन लावला, विकीलाच बोलावून घेतलं आणि म्हटलं, आलाच आहेस तर अंघोळ उरकून आईला भेटून जा. तोही हसला. चहूकडे पाणीच आहे म्हणाला, लांब कुठेतरी ड्रोनची घरघर ऐकू येते. कागदावरच्या हिशोबाने जहाज कुठे आहे ते कप्तानाने सांगितलं. मी ठिपका खोटा ठरवला.

१२ मार्च
ठिपका आमच्या घरावर. आईचा फोन आला होता. सकाळी अंगणात कुणीतरी पाणी सांडून गेलं, वाळल्यावर वर मिठाचा थर आला म्हणे. मी ठिपक्याचं तिला सांगितलं नाही. योगायोग असेल.

१४ मार्च
अंबाडी नाका. ठिपका भिवंडीच्या रस्त्याने येतोय. वेग पाहिला : माणूस चालतो तेवढा. खोटे ठिपके उड्या मारतात, सर म्हणाले, असे रस्त्याने चालत नाहीत. नंतर म्हणाले, नवीन प्रकार असेल. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

१६ मार्च
नीलवेणीचा फोन लागत नाही. त्या भागात एका जहाजावर ड्रोन पडल्याची बातमी आहे, नाव कळलेलं नाही. मला धड जेवण गेलं नाही. राहीबाईंनी जवळ बसवून घेतलं. त्यांची सासू लांबून शीड बघून "आला गो" म्हणाली होती. घरात शिरलं ते दुसरंच काही. सासरे चार दिवसांनी खाडीत सापडले. "बाय, मानूस उंबऱ्याव येऊन पाय धुवत न्हाय तवर आला बोलू नये. आपुन आला बोललो का त्याची जागा भरली." मी हो म्हटलं. शिकलेली आहे मी, पण घाबरले.

१७ मार्च
ती नीलवेणीच. आग लागली आहे. माणसं तराफ्यांवर उतरली असावीत. शोधायला हेलिकॉप्टर निघालंय, कप्तानाने शेवटी सांगितलेल्या जागेकडे. विकीचं नाव कुठल्याच यादीत नाही — अजून यादीच नाही.
ठिपका वळच्या फाट्यावर. जहाज जळतंय, मग सिग्नल पाठवतंय कोण?

१८ मार्च, सकाळी
ठिपका आवारात आहे. खालची खोकी भिजली आहेत. वॉचमन वाल्मीक म्हणतो नळ बंदच आहे, पाणी चाखलं तर खारट.
पडद्यावर नीलवेणीचा संदेश आला. माझाच रोजचा प्रश्न, मला विचारलेला —
डोळ्यांना काय दिसतंय?

११.१०
खिडकीतून पाहिलं. गेटपाशी विकी. ओलाचिंब, भर उन्हात. माझ्याकडे बघून हात हलवला, लहानपणी शाळेच्या फाटकातून हलवायचा तसाच. डोळ्यांनी पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी. आईला फोनवर ओरडून सांगितलं, आला, विकी आला!
आणि बटण —
दाबलं. का दाबलं? रोजची सवय. पाहिलं की दाबायचं.
सर दार उघडायला खाली गेलेत.

११.१६
पडद्यावर हेलिकॉप्टर वळलं. माघारी. 'नीलवेणी, जागेची खात्री झाली, शोध थांबवला.'

११.१८
फोन वाजतोय. तराफ्यावरचा आणीबाणीचा नंबर.
विकी. विकीचाच आवाज. ताई, हेलिकॉप्टर दिसलं होतं गं, मग परत का फिरलं? सहाजण आहेत. पाणी संपलंय.
मग खाली कोण —
सरांचा पासवर्ड हवा. सरांना हाका मारल्या. ओ नाही. विकीला म्हटलं, तराफ्याच्या जागेचे आकडे सांग, दुसऱ्या फोनवरून बचाव पथकाला मीच कळवते. हाताशी ही वहीच आहे, इथेच लिहून घेते —
जिन्यावर पावलं. एकाच माणसाची. ओली.
दाराबाहेरून म्हणतोय, ताई, पाय धुवायला पाणी दे.
फोनवरचा विकी विचारतोय, तुझ्याकडे कोण आहे? माझ्यासारखं कोण बोलतंय?
बोलू नकोस, आकडे सांग, लवकर —
उत्तर पंचवीस अंश, चोवीस मिनिटं. पूर्व सत्तावन्न अंश,