खमीसच्या गच्चीचं पाणी

हूमत झितून, जेर्बा
१४ सप्टेंबर

खमीस यास,

सलाम. मी बरी आहे, गुडघे सोडून. तूलूझमधलं तुझं दुकान आणि घरची मंडळी ठीक असावीत. फोन केला असता, पण फोनवर तुझा आवाज ऐकावा लागतो, म्हणून पत्र.

कामाचंच लिहिते. आपला चुलतभाऊ फर्जानी तुझ्याकडे एक संमतिपत्र पाठवणार आहे. त्यावर सही करू नकोस.

नगरपालिकेने यंदा वस्त्यांसाठी अनुदान काढलं आहे. हवामान बदललं, पावसाचा भरवसा उरला नाही, तेव्हा वस्तीने मिळून काही टिकाऊ काम करावं, पैसे आम्ही देतो, असं. ज्यांना आमच्या नळाला गोडं पाणी आणता येत नाही ते आता आभाळाचं पाणी वाटायला निघालेत! फर्जानी वस्तीच्या समितीचा अध्यक्ष झालाय. कोणी केला, अल्लाह जाणे. लहान मशिदीजवळचं बुजलेलं जुनं टाकं उपसायचं, चुन्याने लिंपायचं आणि आसपासच्या गच्च्यांचं पाणी त्यात सोडायचं, असा त्याचा बेत आहे. सगळ्यात मोठी गच्ची आईच्या घराची, म्हणजे आता तुझी. तुझी संमती नसेल तर अनुदान परत जाईल.

तुला फर्जानी माहीत आहे. लहानपणी आपल्याच झाडाची अंजिरं आपल्यालाच विकायचा. तो फुकट घाम गाळणारा नव्हे. परवा तुझ्या गच्चीवर अनवाणी फिरत होता, मुठीने गिलावा ठोकून बघत होता. मी खालून विचारलं, "काय रे, घर मोजतोस की पाणी?" तर म्हणतो, "ताई, तुझी जीभ मोजतोय, गच्ची अपुरी पडतेय." गल्लीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. आज गच्ची मागतोय, उद्या अंगण मागेल, आणि मग तिथे पाहुण्यांसाठी हॉटेल थाटेल. नगरपालिकेची बाई तर अनुदानाची पाटी कुठे लावायची तेच आधी बघून गेली.

शिवाय तुझं स्वतःचं टाकं आहे. गच्चीचं पाणी बाहेर सोडलं तर ते कोरडं पडेल. अजून त्यात माणूसभर पाणी आहे, चांगलं गोड. मला कसं कळलं म्हणशील, तर आईची किल्ली माझ्याकडेच राहिली. घर बंद असलं की कोणीतरी बघावंच लागतं. दोर टाकला की खोली कळते.

बाकी ठीक. ऑलिव्ह यंदा बेताचे.

*

पत्र इथवर लिहून ठेवलं होतं. परवा टपालात टाकणार, तेवढ्यात फर्जानी आला. दारात आलेल्याला चहा द्यावाच लागतो, म्हणून दिला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! हा पावसाच्या पाण्याचा चहा."

"मग? माझ्या टाक्यातला."

"ताई, तुझं टाकं तडकून किती वर्षं झाली? आतला गिलावा ढासळला तेव्हा शेजारी मीच होतो. आणि नळाच्या खाऱ्या पाण्याने असा चहा होत नाही."

आपल्याकडे यजमानाला 'हे पाणी कुठलं' असं कोणी विचारत नाही. विचारणारा अडाणी ठरतो. त्या रिवाजाच्या आडोशाला मी इतकी वर्षं निवांत बसले होते. आणि गल्लीतला एकेक जण माझा चहा पिताना हे ओळखून होता!

"आई गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवशी तू सगळ्यांसमोर शपथ घेतलीस," तो म्हणाला, "खमीसने घर विकायचं काढलं म्हणून. त्याच्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावणार नाही म्हणालीस. आता दुपारी गल्ली झोपली की घागर पदराखाली घेऊन जातेस. या गुडघ्यांनी! एक दिवस त्याच्या घराच्या पायऱ्यांवर पडशील. मशिदीच्या टाक्यात आलं की ते पाणी खमीसचं राहत नाही, अल्लाहच्या नावाचं होतं. उघड्यावर भर. तुझी शपथही शाबूत."

"आणि तुला काय मिळणार?" मी विचारलं.

"पाटीवर नाव! शिवाय माझ्या बकऱ्यांनाही तहान लागते. मी काही संत नाही."

तो गेल्यावर मी खूप वेळ रडले. आधी लाजेने. मग या विचाराने, की माझी शपथ शाबूत राखायला अख्खी वस्ती टाकं उपसणार, आणि आपण दोघं होतो तिथेच राहणार.

खमीस, सही कर. हॉटेलचा संशय माझा अजून गेलेला नाही, म्हणून 'फक्त पाण्यापुरती' असं स्वच्छ लिही आणि खाली रेघ मार. पण माझ्या शपथेची सोय म्हणून करू नकोस. ती मी केव्हाच मोडली आहे. तू घर विकलं नाहीस, हेही मला दिसत होतं. विचारायचा धीर झाला नाही.

मोडलेल्या शपथेचं प्रायश्चित्त म्हणून तीन रोजे धरले आहेत. उद्या शेवटचा. सूर्य बुडाला की आईच्या अंगणात, दार सताड उघडं टाकून, तुझ्या टाक्यातल्या पाण्याने रोजा सोडणार आहे. ज्याला बघायचं त्याने बघावं.

तुझं पाणी पिऊन तुझ्यावरच रुसून बसलेली,
तुझी ताई
आलजिया