मनकर्णाबाई विरुद्ध खुशालराव

॥ श्री ॥
अमरावती, ता. ८ नोव्हेंबर १९३८

ती. स्व. वसंतदादा यांस,
देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कायद्याच्या निबंधाची पाने पोचली. सुवाच्य प्रत करायला घेतली आहे. प्रत्येक तळटीप आमच्या वकीलसाहेबांच्या कपाटातल्या पुस्तकाशी ताडून पाहतो: पक्षकारांची नावे, साल, खंड, पान. मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेल्या माणसाचे इंग्रजी ते केवढे, पण अक्षराला अक्षर जुळवायला पुरते. एका ठिकाणी तुमचा आकडा चुकला असे वाटून रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर मीच भलता खंड उघडला होता. तेव्हापासून सगळे दोनदा पाहतो.

दत्तकाच्या प्रकरणात मात्र हात थांबला. तिथे तळटीप आहे: मनकर्णाबाई विरुद्ध खुशालराव. वर तुम्ही लिहिले आहे की मुलाचे देणे-घेणे झालेच नाही, म्हणून दत्तक ठरला नाही. दादा, ती मनकर्णाबाई म्हणजे माय, आणि तो मुलगा मी. माय विधवा झाली त्या साली शेंदूरजन्याच्या बागेत आपल्या बाबांनी मला उचलून तिच्या ओटीत घातले, तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होता.

त्या निकालाने बाग तिच्या दिराला, खुशालरावांना गेली. त्या बागेचे नाव आम्ही आता काढतही नाही. पण माय महिनाभर अंथरुणाला आहे, आणि निबंधात तिचा खटला आला आहे एवढे तिला कळले आहे. वसंतानं माह्याबद्दल काय लिवलं ते वाचून दाखव, असे रोज म्हणते. तुमच्या निबंधाचे तिला फार कौतुक.

म्हणून विनंती. तो दाखला गाळता येईल का? नाहीतर नावे वगळून नुसता खंड आणि पान द्यावे. तेही नसेल तर ‘झालेच नाही’ याऐवजी ‘सिद्ध झाले नाही’ एवढे तरी करावे. लहान तोंडी मोठा घास घेतला, त्याची क्षमा असावी. आजवर लोभ ठेवलात, तो या पत्राने कमी होऊ देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
देवीदास शालिकराम

॥ श्री ॥
अकोला, ता. १३ नोव्हेंबर १९३८

चि. देवीदास यास अनेक आशीर्वाद.

सख्ख्या थोरल्या भावाला ‘ती. रू.’ न लिहिता परक्यासारखे ‘ती. स्व.’ लिहिणारा अख्ख्या वऱ्हाडात तू एकटाच असशील. दत्तक गेलेल्याने असेच लिहायचे आणि सहीत बाबांचे पंजाबराव सोडून शालिकराम लावायचे, हे काकूंनी शिकवलेले मला ठाऊक आहे. तरी दर वेळी दाराबाहेर चपला काढून उभा राहिल्यासारखा वाटतोस.

दाखला गाळता येत नाही. त्यानंतर इकडे दत्तकाचा जो वाद झाला, त्यात वकिलांनी तोच निकाल पुढे केला. तो नसला तर परीक्षक म्हणतील, याला विषयच माहीत नाही. निबंध मान्य झाला तर कॉलेजात कायदा शिकवण्याची जागा मिळायची आशा आहे, हे तू जाणतोस. नावे वगळून उपयोग नाही. पान उघडले की नावे तिथे छापलेलीच आहेत.

मी तिथे उभा होतो, हे खरे. तू काकूंच्या ओटीतले तांदूळ तोंडात टाकलेस, हेही मला आठवते. पण माझ्या डोळ्यांना ना खंड, ना पान. शिवाय त्या निकालाचे पुढचे पान उलटून बघ. चौथा साक्षीदार मी आहे. मुलाचा भाऊ, हितसंबंधी, विश्वास ठेवण्याजोगा नाही, असे लिहिले आहे. आता ‘दत्तक झाला होता’ असे मी लिहिले, तर खाली आधार कोणाचा देऊ?

‘सिद्ध झाले नाही’ याबद्दल प्राध्यापकांना विचारतो. काकूंना दर्यापूरच्या वैद्यांचा काढा नियमाने दे. तू स्वतः वेळेवर जेव, नाहीतर पुढची तळटीप तुझ्यावरच लिहावी लागेल.

तुझा,
वसंत

अकोला, ता. १९ नोव्हेंबर १९३८ (कार्ड)

चि. देवीदास यास आशीर्वाद.

प्राध्यापकांनी नकार दिला. निकालात ‘झालेच नाही’ असेच शब्द आहेत, आणि दाखला देणाऱ्याने कोर्टाचे शब्द पातळ करू नयेत, असे ते म्हणाले. मी ते वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घातले आहे. बोलणे माझे नव्हे, कोर्टाचे आहे, हे वाचणाऱ्याला त्यावरून कळेल. याहून माझ्या हाती काही नाही. तूही तसेच उतरव. मुदत संपत आली, प्रत लवकर पाठव. काकूंना नमस्कार.

वसंत

॥ श्री ॥
अमरावती, ता. २६ नोव्हेंबर १९३८

ती. रू. वसंतदादा यांस,
देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

प्रत कालच्या टपालाने रवाना केली. दत्तकाचे पान निकालाशी तीनदा ताडले. चूक नाही. अवतरणचिन्हे मुद्दाम ठळक काढली आहेत.

पाठवण्याआधी मायने वाचायला लावलेच. तिचे नाव इंग्रजीत आले तेव्हा तिने ते पुन्हा वाचायला सांगितले आणि शेजारच्या मैनाबाईंनाही हाक मारून ऐकवले. मग अर्थ विचारला. दुसराच काही अर्थ सांगणे सोपे होते. पण इतके दिवस अक्षराला अक्षर जुळवत बसल्यावर जीभ वळली नाही. होते ते सांगितले.

दादा, वाचताना अवतरणचिन्हे ऐकू येत नाहीत. वसंता असं म्हन्ते काय, असे तिने विचारले. मी म्हणालो, हे कोर्ट म्हणते. त्यावर म्हणाली, कोर्टाचं मले माईत हाय, वसंता काय म्हन्ते ते सांग. मी पाने पुढची मागची चाळली. तुमचे असे एकही वाक्य सापडले नाही.

मैनाबाई उठून गेल्या. त्या गेल्यावर माय म्हणाली, मंग माह्या ओटीत कोन बसलं होतं. माझ्याकडे पाहून नाही, भिंतीकडे पाहून.

दुसऱ्या दिवशी तिने काढा घेतला नाही. मला जवळ बोलावून सांगितले की वसंताले आता सख्ख्या भावावानी लिवत जा, माह्यापायी त्याले परका नको करू. मी ऐकेना, तर तोंड फिरवून पडून राहिली. म्हणून वर तसे लिहिले आहे. तुम्हाला हवे होते तेच झाले.

तिला आज सकाळपासून बोलणे जमत नाही. मी जवळ बसून हे लिहितो आहे. तुमचा लोभ आहे, त्याबद्दल मी शंका घेत नाही.

आपला धाकटा भाऊ,
देवीदास पंजाबराव