घोड्याच्या पोटातली भेग

१२ नोव्हेंबर, मंगळवार
उमरखेडहून तासभर एसटी, आणि पोचले. प्रवास मजेत झाला. विश्रामगृहात चहा फक्कड. चौकात ब्राँझचा घोडा, त्यावर सेनापती रायाजी भालेकर. लढाया संपल्यावर हे गृहस्थ संस्थानचे दिवाण झाले, शाळा काढल्या, न्यायनिवाडे केले. चेहरा मात्र जेवणाच्या पंगतीत दुसरा लाडू न मिळालेल्या माणसाचा. शिल्पकाराला घोडाही जमलेला नाही, फुगलेली म्हैस आहे ती. तिच्या पोटाला भेग पडलीय. आत शिरून ती बुजवायची, एवढंच माझं काम.

१३ नोव्हेंबर
चौक झाडणाऱ्या सुखीबाईने रायाजींचं उरलेलं चरित्र सांगितलं. तिच्या पणजीचं गाव त्यांनी पेटवलं होतं. माणसं कोठारात कोंडून बाहेरून कडी लावली. दिवाणगिरी त्यानंतरची. चौथऱ्यावरच्या पाटीवर अर्थातच फक्त शाळा आहेत. "पोटात जाऊ नका बाई," ती म्हणाली, "आत मान्सं हायेत." मी हसले. इथे अडाणीपणाही पिढीजात दिसतो.

१४ नोव्हेंबर
पोटाखालचं झाकण उघडून आत गेले. ढगाळ हवा, तरी धातू चटका देणारा. सगळीकडे काजळी. आधीच्या कारागिराने आत शेकोटी केली असणार, गाढव. पुसून काढली. जेवून आले तर पुन्हा तशीच. तिच्यात हातांचे ठसे. काही फार लहान.

१५ नोव्हेंबर
आत कोणीतरी खोकलं. माझ्या कानाशी.
नगरपालिकेचे देवीलालबाबू म्हणतात, उद्या रायाजींची जयंती, पाहुणे हार घालायला येणार, आजच भेग बुजवा. मी आवाजाचं सांगितलं. ते दचकलेसुद्धा नाहीत. "आवाज येते म्हणूनच त बुजवाचं हाय, मॅडम."
म्हणजे यांना माहीत आहे. सगळ्यांना. आणि दरवर्षी हार घालतात.
सुखीबाईवर हसले होते, त्याची लाज वाटते.
बुजवणार नाही, असं देवीलालबाबूंना तोंडावर सांगितलं. उद्या सकाळी भेग कापून मोठी करणार, आतला आवाज चौकभर जाऊ दे.

१६ नोव्हेंबर, सकाळ
आत आहे. कटर चालू केला तेवढ्यात झाकण लागलं. बाहेरून बोल्ट आवळले. देवीलालबाबूंचा आवाज, घाईघाईत, कोणाला तरी सतरंजी नीट घाला म्हणून सांगणारा —
कटर बंद पडला. धूर. भेगेतून येणाऱ्या उजेडात लिहितेय.
बँड वाजतोय. भाषण. रायाजींची न्यायबुद्धी —
शेजारी कोणीतरी अंग चोरून मला जागा करून दिली.
मी किंचाळले. बाहेर टाळ्या.
धातू तापतोय. आता माझ्यासोबत सगळेच ओरड—