उजेड दिसता कामा नये

ता. ३ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा वर्षं शेडमध्ये बांधत असलेलं माझं विमान अखेर पुरं झालं. शेवटचं काम होतं इंजिनावरच्या फायबरच्या झाकणाचं, म्हणजे काउलिंगचं. दोन आठवडे घासून ते इंजिनाला असं चपखल बसवलं आहे की सोबतच्या फोटोत फट शोधून दाखव. बाबा दार बसवताना म्हणायचे ना, उजेड दिसता कामा नये. आज त्यांनी पाठीवर थाप मारली असती. झाकण्याआधी इंजिन तासभर चालवलं, कुरकुर म्हणून नाही.

एकवीस तारखेला पहिलं उड्डाण. तुला नंतरच कळवणार होतो, पण तुझ्या भावजयीने दम दिला की लपवलंस तर मीच लिहीन. शिव्या एका पानात आटप.

तुझ्या ओरड्याला सरावलेला,
धाकटा

ता. ८ फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र आल्यापासून हात ठिकाणावर नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या बाहीलाच कॉलर लावून बसले. हे विमान काही पुरं व्हायचं नाही, एवढ्या एका भरवशावर मी सहा वर्षं निर्धास्त होते रे!

फोटो भिंगाखाली धरला. फट खरंच नाही, आणि भीती तीच आहे. इंजिन चालवलंस ते झाकण्याआधी. झाकल्यावर चालवलंस का? लिहिलं नाहीस, म्हणजे नाही. तूच सांगितलं होतंस की ते रबरावर टांगलेलं असतं आणि सुरू होताना अंग झटकतं. चाळीस वर्षं कपडे शिवते आहे मी. उभ्या माणसाला नेमका बसलेला कपडा तो वाकला की उसवतो. बाबांचं दार चौकटीत गप्प उभं राहायचं. तुझं इंजिन गप्प राहणार आहे का? बापाचा शब्द आहे म्हणून तो कुठेही ठोकून बसवायचा नसतो!

सोबत माझ्या खडूची निळी वडी आहे. झाकणाजवळ जे जे येतं त्याला फास, झाकण लाव, इंजिन चालव, मग उघड. आतून कुठेही निळं लागलं नाही तर खुशाल उड, मी तोंड शिवून घेते. तोवर पाय जमिनीवर ठेव. हात जोडते.

घाबरलेली,
ताई

ता. १६ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खडू पाहून मी हसलो. ही हसली नाही. तिनेच तो फासला. दहा मिनिटं इंजिन चालवून झाकण उतरवलं. आतून वीतभर निळी रेघ! पेट्रोलच्या नळीची. नळीचं वेष्टन घासून दोरे बाहेर आले होते आणि शेजारीच तापलेला सायलेन्सर. आणखी दहा मिनिटांनी मी किती उंचावर असतो हे मनात आलं आणि तिथेच फरशीवर बसलो. ही माझी पाठ चोळत होती.

नळी बदलली. झाकण बाबांच्याच करवतीने कापलं; तिचे दात गेले. आता इंजिनाभोवती सगळीकडे बोट फिरतं. तीनदा खडू लावून पाहिला, निळं नाही. तरी एकवीस तारीख रद्द केली. स्टार्टरकडे नेलेला हात अजून मागे घेतो.

कापलेली पट्टी पाठवतो. बाबांच्या तसबिरीपुढे ठेव आणि सांग, उजेड दिसतो आहे. खडू परत मिळणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. २२ फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल तू उडणार नाहीस हे ठाऊक असूनही दिवसभर आभाळाकडे पाहत होते.

पट्टी ठेवली. बाबांनी ऐकून घेतलं असावं.

नवी तारीख ठरली की कळव, मी येणार. भीती गेलेली नाही, ती सोबत आणीन. विमानात मात्र बसणार नाही, आग्रह करू नकोस. झाकणाचे शेवटचे स्क्रू आवळायच्या आधी आत सगळीकडे माझं बोट फिरवीन. तुमची दोघांची बोटं काडीसारखी, त्यांचा काय भरवसा? माझं जाड आहे. ते अडकलं नाही, तर जा.

रागासकट लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
ताई