खुंट्या कोण ओढणार?

रोस्टॉक, ३ मे २०१७

प्रिय बाबा,

कसे आहात? गुडघा काय म्हणतोय? ऑर्गनच्या माळ्यावर चढताना कठडा धरता ना, की अजून दोन-दोन पायऱ्या एकदम? मी मजेत आहे. इथे मे उजाडला तरी समुद्रावरून असा वारा येतो की चर्चमध्ये बोटं गारठतात. तुमच्या अंगणातलं सफरचंद फुललं असेल. चर्चच्या झाडलोटीतून वेळ काढून लीब्शरबाईंनी बांधून दिलेला केक मी आगगाडीतच संपवला, पण त्यांना ते सांगू नका. नाहीतर गावभर सांगत सुटतील, की कँटरांच्या मुलीची तिकडे उपासमार चाललीय.

फोनच करणार होते. पण हल्ली तुम्ही "लाईन खराब आहे" म्हणता नि ठेवून देता. म्हटलं, पत्र बरं. पत्राची लाईन खराब होत नाही.

इकडची बातमी म्हणजे आमच्या बालवृंदात कांजिण्यांची साथ आली आणि ईस्टरला निम्मी पोरं गायबच. उरलेल्यांत एक पक्का बेसूर, नि त्याचाच आवाज सगळ्यात मोठा. आमचे मुख्य कँटरसाहेब माझ्याकडे असे बघत होते, जशा काही कांजिण्या मीच वाटत फिरले. बाकी माझं तेच चाललंय. ते वाजवतात, मी पानं उलटते. ते आजारी पडले की मी वाजवते, आणि ते काही आजारी पडत नाहीत.

बरं, आता मुद्द्याचं. आडवळणाने लिहिलं तरी तुम्ही चिडता, सरळ लिहिलं तरी चिडता, तेव्हा सरळच लिहिते. चर्चच्या कँटरच्या, म्हणजे तुमच्याच जागेसाठी मी अर्ज केलाय.

झालं लिहून. आता खिडकीशी जा, दोन फेऱ्या मारा आणि मग पुढचं वाचा.

तुम्हीच मला या धंद्यात ढकललंत, बाबा. शाळेत मैत्रिणी पोहायला जायच्या तेव्हा मी आसपासच्या गावांमधल्या उपासनांना वाजवत फिरायचे, कारण "ऑर्गनची लहान परीक्षा तरी देऊन ठेव" असं तुमचं म्हणणं. मग ड्रेस्डेनला शिकायला पाठवलंत. वृंद चालवणं, गायन, सुरावटी रचणं, ऑर्गन उघडून नळ्या साफ करणं, सगळं शिकले नि सगळ्यात वरची परीक्षा पास झाले. ते काय आयुष्यभर दुसऱ्याची पानं उलटायला? मला माझा स्वतःचा बाक हवाय. आणि खरं सांगू? मला दुसरा कुठलाच नकोय, तोच हवाय. तुमच्या बाकाची डावी कड माझ्या कोपराला अजून आठवते.

जूनमध्ये चाचणी आहे. एक मोठी रचना, मंडळीबरोबर एक गीत, मग अर्धा तास आधी कळणाऱ्या दुसऱ्या गीतावर ऐन वेळी रचलेली सुरुवात, आणि शेवटी वृंदाची तालीम. लाइपझिगचाही कुणी एक उमेदवार येणार आहे म्हणे. येऊ दे.

पण त्याच्याहून मोठी अडचण तुम्ही आहात. पाळक क्रालबाईंकडून कळलं, की तुम्ही निवृत्ती आणखी दोन वर्षं पुढे ढकलावी म्हणून चर्चच्या पंचांना पत्र दिलंय. बाबा, ते मागे घ्या. ही जागा पूर्ण वेळ भरायला वरून यंदापुरतीच मंजुरी आहे. पुढे चार गावांना मिळून एक कँटर ठेवायचं घाटतंय. तुमची दोन वर्षं संपतील तेव्हा तिथे जागाच उरणार नाही, मला नाही आणि त्या लाइपझिगवाल्यालाही नाही. पंचांपैकी एकाचीही तुम्हाला नाही म्हणायची छाती नाही. तुम्ही म्हणाल तेच होणार.

शिवाय गुडघाही आहेच.

ईस्टरनंतरच्या रविवारी आले होते तेव्हा आणखी एक बोलायचं होतं. पण जेवायला बसलो, तुम्ही बटाट्याचं सूप केलं होतंत, फार दिवसांनी खूष दिसत होतात, आणि राहून गेलं. असू दे. पत्र मागे घ्या एवढंच.

तुमची हट्टी,
डोरोथे


ग्रुनाउबाख, ८ मे

डोरोथे,

पत्र पोचलं. गुडघा माझा आहे, त्याचं मी बघतो.

जागा रिकामी नाही. जी जागा रिकामी नाही तिच्यासाठी अर्ज करणं याला आमच्या वेळी दुसरा शब्द होता. मी अजून वाजवतो, वृंद अजून गातो, रविवारी मंडळी अजून येते. एकानेही आजवर तक्रार केलेली नाही. ऑर्गन माझ्या हाताखाली जितका चांगला राहिलाय तितका पूर्वी कधी नव्हता. एकच कटकट आहे, भात्याच्या मोटरचा फ्यूज. हल्ली उपासनेत मधेच मोटर बंद पडते. वीजवाल्याला दोनदा बोलावलं. गाढव म्हणतो, फ्यूजला काही झालेलं नाही!

चाचणीत मोठी रचना वाजवणार म्हणतेस. कुठल्या ऑर्गनवर? तुझ्या रोस्टॉकला बटण दाबलं की सूर बदलतात. इथे सगळं हाताने, खुंट्या ओढून. तुझे दोन्ही हात नि दोन्ही पाय गुंतलेले असताना खुंट्या कोण ओढणार? ट्रम्पेटच्या आवाजाची खुंटी आधी उचलून मग ओढावी लागते, हे माझ्याशिवाय या गावात कुणाला ठाऊक आहे? भाड्याने आणणार आहेस का कुणी?

राहून गेलेलं काय ते लिही. अर्धवट लिहायची सवय तुला माझ्याकडून लागलेली नाही.

एकेहार्ट वेंडलर
कँटर, निकोलाय चर्च


रोस्टॉक, १२ मे

बाबा,

तुम्ही मुलीला लिहिता की जिल्हा कार्यालयाला? सहीखाली शिक्का मारायचा तेवढा राहिला.

राहून गेलेलं लिही म्हणता, तर लिहिते. हे तिसरं पान आहे, आधीची दोन टोपलीत गेली. बसून वाचा.

तुमचा फ्यूज उत्तम आहे. वीजवाल्याला तुम्ही गाढव म्हणालात, त्याची माफी मागा. तो गाढव नाही. मोटर बंद पडत नाही बाबा, ती लीब्शरबाई बंद करतात.

त्या रविवारी मी खाली चौथ्या बाकावर बसले होते. गीत संपलं, क्रालबाईंनी प्रार्थना सुरू केली, आणि वर एक नळी वाजत राहिली. सगळ्यात वरच्या सप्तकातली, बारीक, शीळ घातल्यासारखी. पट्टी अडकली होती नि खुंटी तशीच बाहेर राहिली होती. असं होतं, कुठल्याही ऑर्गनला होतं. आपण खुंटी आत ढकलतो नि गप्प करतो. तुम्हीच मला ते शिकवलंत, सात वर्षांची असताना. मी वाट बघितली, आता ढकलतील, आता ढकलतील. मग मागे वळून वर पाहिलं. तुम्ही हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून प्रार्थना म्हणत होतात. अगदी शांत.

मंडळीतलं एक डोकं वर झालं नाही. एक जण खाकरला नाही. ती शीळ कानात घुसत होती आणि सगळे जसं काही झालंच नाही असे "आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणत होते. लीब्शरबाई मात्र उठल्या, दाराआड गेल्या, खटका बंद केला, हवा संपली नि नळी गप्प झाली. पुढच्या गीताला तुम्ही पट्ट्या दाबल्यात, अडकलेलीही सुटली, पण आवाज नाही; तुम्ही वरून ओरडलात, "परत तो फ्यूज!" आणि त्यांनी खटका पुन्हा चालू केला.

उपासना झाल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "हा काय प्रकार?"

"चौथी खेप आहे," त्या म्हणाल्या. "बेकरीवाल्या म्हाताऱ्याला पोचवलं ना, तेव्हा तर मी नेमकी बाहेर होते. शवपेटी दाराबाहेर जाईपर्यंत वाजत होती. त्याचा मुलगा एक शब्द बोलला नाही."

"अहो, मग कँटरांना सांगायचं नाही का?"

"मी सांगू? तूच सांग की! बाप तुझा आहे."

त्यांचं बरोबरच आहे. बाप माझा आहे, आणि मी घरी येऊन सूप प्यायले.

तुम्हाला वरचे सूर ऐकू येत नाहीत, बाबा. किती दिवस झाले मला ठाऊक नाही. तुम्ही गीतांना त्या कर्कश खुंट्या एकावर एक ओढता, ते मी आवड बदलली म्हणून सोडून दिलं होतं. पहिल्या बाकावरची पोरं कानात बोटं घालतात. तुम्ही गीत संथ वाजवता, कारण मंडळीचा आवाज वरपर्यंत यायची वाट बघता आणि तो तुमच्यापर्यंत पोचत नाही. फोनची लाईनही खराब नाही. तुम्ही म्हणता कुणी तक्रार करत नाही. कशी करतील? अर्ध्या गावाचा बाप्तिस्मा नि लग्न तुमच्या वाजवण्यावर झालंय. तुम्ही त्यांचे आहात म्हणून ते गप्प बसतात. पण मला हे बघवत नाही. ज्या माणसाने मला एका नळीचा सूर केसभर उतरलेला ओळखायला शिकवलं, त्याच्यासाठी सगळं गाव मिळून दर रविवारी नाटक करतं, आणि ते एकट्या त्यालाच ठाऊक नाही.

लिहिताना रडले, तेही सांगून टाकते. आता रडून झालंय.

तर ऐका. मी अर्ज मागे घेणार नाही. तुम्ही चिडलात तरी नाही, बोलणं टाकलंत तरी नाही. पंचांना दिलेलं पत्र मागे घ्या, गुडघ्यासाठी नव्हे, खऱ्या कारणासाठी. कानाच्या डॉक्टरकडे जा नि ते म्हणतील ते यंत्र लावा. मला ती जागा तुमच्या कृपेने नकोय. वाजवून मिळाली तर घेईन. लाइपझिगवाला माझ्याहून सरस निघाला तर त्याला मिळू दे, मी स्टेशनवर जाऊन हात मिळवीन. पण चाचणी झालीच पाहिजे, त्या ऑर्गनला ऐकणारं माणूस मिळालंच पाहिजे. एवढं तुम्हाला माझ्याआधी कळायला हवं होतं.

आणि खुंट्या कोण ओढणार, विचारलंत ना? तुम्ही.

मी थट्टा करत नाहीये. स्टुलावर उभी राहून मी तुमच्या खुंट्या किती वर्षं ओढल्या! तुम्ही ओठांतल्या ओठांत "आता" म्हणायचात नि मी दोन्ही हातांनी लोंबकळायचे. उशीर झाला की, "झोपलीस काय ग पोरी?" त्या कामाला बारीक कान लागत नाहीत. सुरावट डोळ्यांनी वाचावी लागते आणि शेजारच्याचा श्वास ओळखावा लागतो. ते तुमच्याहून चांगलं कुणाला जमेल? ट्रम्पेटची खुंटी उचलून ओढायची असते, हेही तुम्हीच म्हणता. पंच म्हणतील, बाप-लेकीचं संगनमत. म्हणू देत. खुंट्या ओढणाऱ्याला मत नसतं.

या वेळी बाकावर मी बसेन आणि तुम्ही डावीकडे उभे राहाल. मी "आता" म्हणेन. उशीर केलात तर मीही विचारीन, झोपलात काय हो?

या. रचनेची प्रत सोबत पाठवतेय. नाही आलात तर एकटीने वाजवीन, सोपी रचना घेऊन, पण वाजवीन.

मागे न फिरणारी,
डोरोथे


ग्रुनाउबाख, २४ मे

डोरोथे,

पंचांकडचं पत्र परत घेतलं. क्रालबाईंनी ते इतक्या झटकन काढून दिलं, जसं काही दाराशीच घेऊन उभ्या होत्या. वीजवाल्याची माफी मागितली. तो लाजला. त्यालाही ठाऊक होतं. लीब्शरबाईंशी मी बोलत नाही, निदान रविवारपर्यंत.

डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. डावीकडे, खालच्या सुरांना, बरी चालते, उजवीकडे, वरच्या सुरांना, एकदम कड्यावरून खाली. मी म्हटलं, यंत्र द्या. तुझं पुढचं पत्र येण्याआधी करून टाकलेलं बरं.

तुझ्या रचनेवर मी लाल पेन्सिलने खुणा केल्यात. दुसऱ्या भागात मला तुझ्यापुढून हात घालून उजवीकडच्या तीन खुंट्या एकदम ओढायच्या आहेत, तिथे कोपर मधे आणू नकोस. गीत रेंगाळत वाजवू नकोस, माझ्यासारखं. ओळीच्या शेवटी मंडळीला श्वास घेऊ दे. चांगलं वाजवलं नाहीस तर लाइपझिगवाल्याला स्टेशनवर आणायला मीच जाईन.

आणि "आता" म्हणू नकोस. मान हलव, चांगली ठळक. तू पुटपुटलेलं मला ऐकू येणार नाही.

तुझा बाबा