तिचा राहिलेला अर्धा तास

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार कागदावरच मानून घे, कारण आईचा पलंग, चाकाची खुर्ची आणि माझी गादी मांडल्यावर खोलीत आडवं पडायला जागा उरत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचं घोरणं? आई बरी आहे. डावा हात अजून उठत नाही, पण जीभ पूर्ववत झाली आहे आणि त्याचा पुरावा मला दिवसभर मिळतो. (कॉलेज मी तिच्यासाठी सोडलं असं तू सगळ्यांना सांगतेस, त्याबद्दल आभार. सरांशी झालेलं भांडण त्याच्या आधीचं की नंतरचं, यात कोणी शिरू नये.) फोनच केला असता, पण खोली एक आणि आईचे कान शाबूत. मेसेज तू वाचत नाहीस, नुसता अंगठा पाठवतेस. आत्ता आई दुपारची झोपली आहे, तेवढ्यात लिहून पेपरवाल्याच्या हाती देतो. काही मागण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

तर, दवाखान्यातल्या सिस्टरने माझ्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं आहे. घरातल्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या पोरांसाठी. औषधाची वेळ झाली की ते किणकिणतं, पण त्याची खरी करामत म्हणजे तासाची अदलाबदल. एकाने दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या माणसापाशी बसायचं, तेवढा वेळ तो मोकळा. मग त्याने आपल्याकडे यायचं, आपण मोकळे. माझी जोडी एका मुलीशी लागली. तिचे वडील बस चालवायचे, आता पाठ गेल्यामुळे अंथरुणावर. मावशी, मी त्या मुलीच्या प्रेमात पडलो, आणि हे ॲप बनवणाऱ्याने प्रेमाचा विचारच केलेला नाही. मी आत गेलो की ती चपला घालून बाहेर. ती आमच्याकडे आली की मला बाहेर. एकदा मी मुद्दाम रेंगाळलो, तर म्हणाली, तुम्ही घरातच बसणार असाल तर मी कशाला आले. बाकी मला मिळायचे ते तिचे आवाजी निरोप. पाणी कोमट द्या, उशी गुडघ्याखाली ठेवा, बाबांशी पत्ते खेळताना हरा. (हरावंच लागतं, ड्रायव्हरकाका पानं पांघरुणाखाली लपवतात.) हे निरोप मी इतक्यांदा ऐकलेत की आईसुद्धा कधीकधी माझ्याकडे कोमट पाणी मागते.

परवा मी तिकडे बसलो होतो. ॲपच्या नकाशावर जोडीतलं दुसरं माणूस कुठे आहे तो ठिपका दिसतो, गरज पडली तर बोलावता यावं म्हणून. तिचा ठिपका बस डेपोत. दर वेळी तिथेच, जागचा हलत नाही. माझं डोकं तुला ठाऊक आहे. मनातल्या मनात मी एक कंडक्टर उभा केला, त्याला मिशा दिल्या, आणि अर्ध्या तासात मला तो इतका असह्य झाला की मी लाल बटण दाबलं. ते फक्त जिवावर बेतलं तर दाबायचं असतं.

ती धावत आली. एकाच पायात चप्पल, दम लागलेला, गालावर सीटच्या रेक्झिनची घडी उमटलेली. आधी वडिलांच्या छातीवर हात ठेवून पाहिला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "मी ठीक आहे. ब्रेक याचे गेलेत." मग त्यांनीच सांगितलं की डेपोतले त्यांचे जुने सोबती दुरुस्तीला आलेली एक बस तिच्यासाठी उघडी ठेवतात. मागच्या लांब सीटवर ती झोपते. दुसरं काही करत नाही.

ती जमिनीवरच बसली. मला वाटलं ओरडेल, मी उलट ओरडायच्या तयारीतही होतो. ती हळूच म्हणाली, "रात्री बाबांना सारखी कूस बदलून द्यावी लागते. माझा अजून अर्धा तास राहिला होता. तो मला परत द्या."

मावशी, मला कुणी इतकं कमी बोलून इतकं मारलेलं नाही. एरवी पाठमोरी दिसणारी ती पहिल्यांदाच नीट समोर होती, आणि मी बघत होतो फरशीकडे.

बाकी क्षेम. काकांना नमस्कार.

तुझा,
तापट भाचा

ता. क. मागणं नाही म्हणालो होतो, पण एक आहे. एक आख्खा दिवस आईपाशी येऊन बस. मी ड्रायव्हरकाकांपाशी बसेन. आणि येताना तुझ्या घराची किल्ली आण, ती तिला देऊ. तुझ्या पलंगावर, पंख्याखाली, दार लावून तिला झोपू दे. मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही, बटणाची शपथ. काकांना दिवसभर कुठेतरी पाठव.

ता. क. २. ड्रायव्हरकाका म्हणतात, ती आईपाशी बसायला आली तरी तिला छान झोप लागते, कारण आई आधी झोपते. काल आईला विचारलं, तर म्हणाली, मी कुठली झोपते, डोळे मिटून पडते, म्हणजे ती पोर जरा टेकते.

ता. क. ३. पत्र एकदा पुटपुटत वाचून पाकिटात घालत होतो. आई डोळे न उघडता म्हणाली, "गुरुवारी बोलव मावशीला. आणि आता लिहिणं पुरे कर, पड जरा. मी कधीची डोळे मिटून पडलेय ती कशासाठी?"