मोडेमसाठी मोकळी लाइन

१ मार्च
आज शाखेत मोडेम बसवला. मीच. हेड ऑफिसने बजावलंय, या महिन्यात ऑर्डरी वाढल्या नाहीत तर कुलपांच्या विक्रीची ही शाखा बंद. महिन्याचा हिशेब मोडेमवरून पाठवला की आम्ही किती पुढारलेले आहोत ते दिसेल. मग बंद करायची कुणाची छाती आहे? संकल्प: पहाटे उठून मॅन्युअल वाचणे.

२ मार्च
उठलो नाही. तरी तत्त्व कळलं. फोनच्या तारेतून अक्षरं एकेक सुटी जातात, म्हणून त्यांची पुडकी बांधायची. पॅकेट. एखादं वाटेत बिघडलं तर परत पाठवायचं. साहेबांना समजावलं. ते मान हलवत होते. नंतर कळलं, डुलकी होती.

८ मार्च
सरावासाठी गेल्या वर्षीचा हिशेब मोडेमवरून सोडला. निम्म्यात टायपिस्टबाईंनी बाहेरच्या खोलीतला फोन उचलला. लाइन एकच! सगळी पॅकेटं नासली. बाईंचं म्हणणं, दुकानदार ऑर्डरी फोनवरच देतात. रोज तेच तुणतुणं.

९ मार्च, दुपारी
बाईंचा फोन कपाटात. आमच्याच कंपनीचं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. लाइन आता दिवसभर माझी.

१४ मार्च
निम्म्याहून जास्त पॅकेटं धड पोचली! बायकोने विचारलं, दिवसभर फोन एंगेज, एवढं कुणाशी बोलता? मशीनशी, म्हटलं. ती तडक स्वयंपाकघरात गेली. अभिमान वाटला असणार.

२२ मार्च
ऑर्डरी थंड. साहेब काळजीत. मी म्हटलं, बाजारच मंद आहे. एक जुना दुकानदार तावातावाने आला, म्हणे आठवडाभर फोन लावतोय. त्याला मोडेम दाखवला. तो समोरच्या कुलूप कंपनीत जाऊन ऑर्डर देऊन मोकळा झाला. कृतघ्न.

३१ मार्च, संध्याकाळी
फत्ते! महिन्याचा हिशेब एका दमात गेला. हिशेबही आटोपशीर होता म्हणा. ऑर्डरी तीन, तिन्ही पहिल्या आठवड्यातल्या.

३ एप्रिल
हेड ऑफिसचं उत्तर मोडेमवरूनच आलं. शाखा बंद, सगळ्यांना नोटीस. साहेब खुर्चीत बसून राहिले. बाईंनी हळूच विचारलं, "वाटेत काही बिघडलं असेल का हो?"
पुन्हा पुन्हा तपासलं. बिघडलेलं असावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.
एक अक्षरसुद्धा बिघडलेलं नाही.